पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी सहा: मतदान केंद्रावरच्या दोन धांदली कशा सांभाळायच्या?

खडूफळा (प्रश्न)

विधानसभा पोटनिवडणुकीसाठी केंद्राध्यक्ष म्हणून आदेश हातात पडला आहे. मतदान सकाळी ७ ते संध्याकाळी ६. मतदान अधिकारी क्रमांक १ चं काम माहीत आहे, पण यंत्र, मोहोरबंदी आणि हिशेब प्रथमच अंगावर आलंय. दोन्ही प्रशिक्षणं झाली, पुस्तिकाही वाचली. अडचण अशी की पुस्तिकेत सगळ्या गोष्टी एकाच वजनाने लिहिल्यात. कोणती चूक सावरता येते आणि कोणती येत नाही, हे त्यातून कळत नाही.

मॉक पोलपासून (चाचणी मतदानापासून) सातच्या ठोक्यापर्यंत नेमका क्रम काय ठेवायचा? यंत्र अडलं तर काय बदलायचं आणि काय नाही? आणि सहा वाजता दारात रांग असेल तेव्हा काय करायचं? जाणकारांनी कृपया तपशिलात सांगावं.

---

लाखबंद

मॅडम, पहाटेची धांदल खरं तर आदल्या दिवशी साहित्य वाटप केंद्रावरच निम्मी आटोक्यात येते. तिथे पिशवीतली पाकिटं मोजत बसण्याऐवजी चार गोष्टी आधी बघा. कंट्रोल युनिट (मतं साठवणारं यंत्र), बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो ते) आणि व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापणारं यंत्र) यांचे क्रमांक तुमच्या केंद्राच्या यादीशी जुळतात का. मतदार यादीची चिन्हांकित प्रत तुमच्याच यादी भागाची आहे का, पानं सलग आहेत का, पुरवणी जोडली आहे का. हिरव्या कागदी मोहोरांचे अनुक्रमांक लिहून घेतले का. प्रदत्त मतपत्रिका (नावावर आधीच मत पडलेल्या खऱ्या मतदारासाठीच्या, बहुधा २० असतात) आणि त्यांचे क्रमांक बरोबर आहेत का. शाईच्या बाटलीचं बूचही दाबून बघा. ती वाटेत सांडली तर पिशवीतले सगळे कागद जांभळे होतात.

व्हीव्हीपॅट वाटप केंद्रावर किंवा रात्री केंद्रावर चालू करून बघायचं नाही. कितीही मोह झाला तरी नाही.

आता पहाट. मॉक पोल मतदानाच्या ९० मिनिटं आधी, म्हणजे ५.३० ला. उमेदवारांचे प्रतिनिधी आले नसतील तर १५ मिनिटं थांबायचं आणि मग सुरू करायचं. पण यंत्राची जोडणी ५.१५ लाच झालेली हवी. क्रम असा: बॅलट युनिटची केबल व्हीव्हीपॅटला, व्हीव्हीपॅटची केबल कंट्रोल युनिटला. व्हीव्हीपॅटच्या मागची कागदाच्या रोलची कळ आडवी असते (वाहतुकीसाठी), ती उभी करायची. आणि मग शेवटी कंट्रोल युनिटचं बटण चालू. कंट्रोल युनिट चालू असताना कोणतीही केबल काढायची किंवा घालायची नाही. यंत्रं बिघडण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि ते पूर्णपणे आपल्या हातातलं आहे.

चालू केल्यावर व्हीव्हीपॅट स्वतःच्या चाचणीच्या ७ चिठ्ठ्या छापून खाली टाकतं. नवखा माणूस इथे गडबडतो: मतं ५० दिली आणि चिठ्ठ्या ५७ कशा? त्या ७ वर उमेदवाराचं नाव नसतं, त्या वेगळ्या काढायच्या.

प्रतिनिधींना आधी दोन गोष्टी दाखवा: टोटल शून्य आहे आणि चिठ्ठ्यांची पेटी रिकामी आहे. मग किमान ५० मतं, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटाला किमान एक. एक मतदान अधिकारी मतदान कक्षात उभा करून कोणाला किती मतं दिली ते कागदावर उतरवून घ्यायचं. यंत्र मिनिटाला फार तर ४ मतं घेतं, त्यामुळे घाई केली तरी १३ मिनिटांच्या आत होत नाही. २०-२५ मिनिटं धरून चाला.

मग कंट्रोल युनिटवरची तीन बटणं याच क्रमाने: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. या तीन शब्दांची चिठ्ठी कंट्रोल युनिटच्या शेजारी टेबलावर चिकटवून ठेवा. रिझल्ट आणि चिठ्ठ्यांची मोजणी जुळवली की प्रतिनिधी सह्या करायला लागतात, चहा येतो, कोणी तरी केंद्र क्रमांक विचारतं आणि क्लिअर राहून जातं. तुम्ही विचारलंत ना कोणती चूक सावरता येत नाही, ती ही. मतदान सुरू झाल्यावर ते लक्षात आलं तर स्वतःहून कोणतंही बटण दाबायचं नाही. तेव्हा क्लिअर केलं तर खरी मतं पुसली जातील. ताबडतोब झोनल अधिकाऱ्यांना कळवायचं आणि दैनंदिनीत वेळेसह नोंद करायची.

क्लिअरनंतर टोटल पुन्हा शून्य दाखवा, यंत्र बंद करा आणि पेटीतल्या सगळ्या चिठ्ठ्या काढा. बोटांनी कोपरे चाचपून बघा, एखादी भिंतीला चिकटलेली असते. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे मॉक पोलचा शिक्का, त्या काळ्या जाड पाकिटात, पाकिटावर तुमची आणि प्रतिनिधींची सही व मोहोर, पाकीट प्लास्टिकच्या डबीत आणि डबीभोवती गुलाबी कागदी मोहोर. पेटी रिकामी असल्याचं दाखवून ती ऍड्रेस टॅगने बंद करा.

मग कंट्रोल युनिटची मोहोरबंदी. हिरव्या मोहोरेच्या पांढऱ्या बाजूवर अनुक्रमांकाखाली तुमची सही, शेजारी प्रतिनिधींच्या. बसवताना हिरवी बाजू खिडकीतून बाहेर दिसली पाहिजे. फाटलेली मोहोर चिकटवून वापरायची नाही, दुसरी घ्या आणि फाटलेलीचा हिशेब १७-सी (मतांच्या हिशेबाचा नमुना) मध्ये दाखवा. स्पेशल टॅगला गोल भोक असतं, ते क्लोज बटणावर नेमकं यायला हवं. इथे लाख सांडली तर संध्याकाळी क्लोज दाबता येत नाही, म्हणून पाच मिनिटं पंखा बंद ठेवा, मेणबत्ती यंत्रापासून हातभर लांब धरा आणि लाख कांडीवरून थेट न टाकता थेंब थेंब दोऱ्याच्या गाठीवर घ्या. वाऱ्याने ज्योत हलली की लाख भलतीकडे पडते.

हे सगळं ६.४५ पर्यंत संपलं पाहिजे. उरलेली १५ मिनिटं घोषणापत्र वाचून त्यावर सह्या घेण्यासाठी. कंट्रोल युनिटवरची वेळ आणि घड्याळ यात फरक असेल तर तोही दैनंदिनीत लिहा.

---

चावडीवरचा

लाखबंद यांनी पहाट नीट मांडली आहे. मी यंत्र अडल्यावरचं सांगतो, कारण त्या दहा मिनिटांत रांगेतले लोक ओरडत असतात, प्रतिनिधी फोन लावायला बाहेर पळतात आणि केंद्राध्यक्षाला सगळं एकदम बदलून टाकावंसं वाटतं.

मॉक पोल चालू असताना बिघाड झाला तर जो भाग बिघडला तेवढाच बदलायचा. प्रत्यक्ष मतदान सुरू झाल्यावर नियम वेगळा:

फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर फक्त व्हीव्हीपॅट बदलायचं आणि पुन्हा मॉक पोल करायचा नाही. मतं कंट्रोल युनिटमध्ये असतात, त्यांना धक्का लागलेला नसतो. पण कंट्रोल युनिट किंवा बॅलट युनिट बिघडलं तर तिन्ही यंत्रांचा अख्खा संच बदलायचा आणि नव्या संचावर प्रत्येक उमेदवाराला व नोटाला एक एक मत देऊन मॉक पोल करायचा. मग पुन्हा क्लोज, रिझल्ट, क्लिअर, चिठ्ठ्या बाहेर, मोहोरबंदी. जुना संच त्यातल्या मतांसह मोहोरबंद करून ठेवायचा. संध्याकाळी दोन्ही कंट्रोल युनिटं जमा होतात आणि १७-सी मध्ये दोन्हींचे क्रमांक येतात.

पण बदलायच्या आधी एक मिनिट थांबा. लिंक एरर आली की बहुतेक वेळा केबलच सैल असते. कंट्रोल युनिट बंद करा, जोडणीच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या दाबून केबल काढा, सरळ बसवा, टक् असा आवाज आला पाहिजे, मग चालू करा. केबल मतदान कक्षाच्या मागून काढून टेबलाच्या पायाला चिकटपट्टीने बांधलेली असेल तर ही वेळ सहसा येत नाही. मतदाराच्या पायात अडकणारी केबल दिवसभरात एकदा तरी ओढली जातेच. प्रेस्ड एरर म्हणजे बॅलट युनिटचं बटण आत दबून अडकलंय. ते सुटलं का बघा.

व्हीव्हीपॅटला उजेडाचा त्रास होतो. त्याच्या थेट वर बल्ब किंवा ट्यूब नको, खिडकीतून ऊन यायला नको. सकाळी सातला सावलीत असलेला कोपरा दुपारी तीनला उन्हात येतो, म्हणून मांडणी करताना पश्चिमेची खिडकी कुठे आहे ते आदल्या संध्याकाळीच बघून ठेवा. कक्षात व्हीव्हीपॅट बॅलट युनिटच्या डाव्या बाजूला ठेवायचं.

आता सगळ्यात नाजूक प्रसंग. मतदाराने बटण दाबलं, चिठ्ठी छापली, पण ती कापली न जाता काचेमागे लोंबकळत राहिली आणि यंत्र अडलं. यंत्र हलवून किंवा बंद-चालू करून ती चिठ्ठी पेटीत पाडायचा प्रयत्न करू नका. चिठ्ठी कापून पडल्याशिवाय कंट्रोल युनिटमध्ये मत नोंदत नाही. ती पाडली तर पेटीत एक चिठ्ठी जास्त आणि यंत्रात एक मत कमी असा घोळ होतो. व्हीव्हीपॅट बदलायचं, दैनंदिनीत लिहायचं आणि त्याच मतदाराला पुन्हा मत देऊ द्यायचं. प्रतिनिधींना हे समजावून सांगा, नाहीतर एकाने दोनदा मत दिलं म्हणून गलका होतो.

बटण एकाचं दाबलं आणि चिठ्ठी दुसऱ्याची आली, असं मतदार म्हणाला तर ४९एमए नियमाखाली लेखी घोषणापत्र घ्यायचं, खोटं निघाल्यास शिक्षा होते हे आधी सांगायचं आणि मग प्रतिनिधींसमोर चाचणी मत. आरोप खरा ठरला तर मतदान तिथेच थांबवून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना कळवायचं. खोटा ठरला तर १७-ए (मतदार नोंदवही) मध्ये शेरा मारायचा, चाचणी मत कोणत्या उमेदवाराला गेलं ते लिहायचं आणि ते १७-सी मध्ये दाखवायचं. ही नोंद विसरली तर रात्री हिशेब एकाने जुळत नाही.

---

खडूफळा

दोघांचेही मनापासून आभार. क्लोज-रिझल्ट-क्लिअरची चिठ्ठी आजच लिहून ठेवते. आता रांग आणि हिशेबाबद्दल कोणी सांगेल का? केंद्रावर ११८० मतदार आहेत. १७-ए चा अनुक्रमांक आणि यंत्रातली टोटल यात फरक कसा पडतो?

---

सतरा_ए

११८० पैकी ६५ टक्के धरले तर ७६७ माणसं ११ तासांत, म्हणजे ताशी ७०, म्हणजे माणशी ५१ सेकंद. यंत्राला एका मताला १५ सेकंद पुरतात. रांग यंत्रामुळे लागत नाही, ती टेबल क्रमांक १ वर लागते. नाव यादीत सापडेपर्यंत मागचे सगळे उभे राहतात. म्हणून बीएलओला (यादी सांभाळणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला) केंद्राबाहेर बसवून प्रत्येकाच्या हातात यादीतला अनुक्रमांक द्या आणि आत येणाऱ्याने नाव सांगायच्या आधी क्रमांक सांगावा, असं पोलिसांकरवी रांगेतच सांगून ठेवा. एकट्या या बदलाने माणशी २०-२५ सेकंद वाचतात.

आत तीन-चार मतदारच घ्या. वृद्ध, दिव्यांग, कडेवर मूल असलेल्या बायका यांना रांगेत थांबवायचं नाही, आणि हे रांगेतल्या लोकांना आधीच सांगितलं की कोणी हरकत घेत नाही. मतदार माहिती चिठ्ठी एकटी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही, सोबत ओळखपत्र किंवा ठरवून दिलेल्या पर्यायी कागदपत्रांपैकी एक लागतं. यावरून सर्वात जास्त वाद होतात, म्हणून तो फलक दारात डोळ्यांच्या उंचीवर लावा. फळ्यावर बारीक अक्षरात लिहू नका.

आणखी एक दुखरी जागा. घरून टपाली मतदान केलेल्या आजी-आजोबांच्या नावापुढे यादीत पीबी असतं. ते केंद्रावर आले तर त्यांना यंत्रावर मत देता येत नाही. शांतपणे, खुर्चीवर बसवून सांगा. चारचौघांत झटकून सांगितलं तर माणूस दुखावतो, आणि त्याचं दुखावणं रास्त असतं.

आता टोटल. फरक पडतो तो तीन ठिकाणी. मतदान अधिकारी ३ ने मतदाराची चिठ्ठी न घेता कंट्रोल युनिटवरचं बॅलट बटण (एक मत खुलं करणारं) दाबलं. मतदार कक्षात गेला आणि बटण न दाबताच बाहेर आला. किंवा १७-ए मध्ये एकाच अनुक्रमांकावर दोन सह्या झाल्या, नाहीतर एक ओळ सुटली. उपाय एकच: तासातासाला १७-ए चा शेवटचा अनुक्रमांक आणि टोटल ताडून बघा, दर दोन तासांचा आकडा वर पाठवायचाच असतो. टोटल बघताना कंट्रोल युनिटवरचा बिझीचा लाल दिवा विझलेला हवा, म्हणजे कक्षात कोणी नसताना. फरक सकाळी ९ ला सापडला तर कारण सापडतं. रात्री ८ ला सापडला तर फक्त आकडा सापडतो.

मतदान अधिकारी ३ साठी नियम सोपा: बीप ऐकू आला, माणूस बाहेर आला, पुढच्याची चिठ्ठी हातात आली, त्याच्या बोटावरची शाई बघितली, मग बॅलट. सही करून मत न देता जाणारा असेल तर ४९ओ नियमाखाली १७-ए मध्ये शेरा आणि त्याची सही. तशा वेळी आधीच बॅलट दाबलं गेलं असेल तर पुढच्या मतदाराला त्याच फेरीत मत देऊ द्या, पुन्हा बॅलट दाबू नका.

प्रदत्त मत: खरा मतदार आला आणि त्याच्या नावावर आधीच मत पडलंय. चौकशीत तो खरा वाटला तर त्याला यंत्रावर पाठवायचं नाही. प्रदत्त मतपत्रिका द्यायची, १७-बी (प्रदत्त मतांची यादी) मध्ये सही घ्यायची. त्याची नोंद १७-ए मध्ये केली की हिशेब तिथेच बिघडला. आक्षेपित मत वेगळं: प्रतिनिधी मतदाराच्या ओळखीवर हरकत घेतो, त्यासाठी २ रुपये रोख भरतो, तुम्ही तिथल्या तिथे चौकशी करून निर्णय देता.

---

लाखबंद

संध्याकाळ राहिली होती.

५.४५ ला रांगेच्या शेवटी जाऊन माणसं मोजा आणि तेवढ्या अनुक्रमांकित, तुमची पूर्ण सही असलेल्या चिठ्ठ्या तयार ठेवा, वर १०-१५ जास्त. सहाच्या ठोक्याला जाहीर करा आणि चिठ्ठ्या रांगेच्या शेपटापासून वाटा: सगळ्यात शेवटच्या माणसाला १ नंबर आणि तिथून पुढे दाराकडे. दाराकडून वाटायला सुरुवात केली तर शेपटाला माणसं जुळत राहतात आणि वाटप संपतच नाही. १ नंबरच्या मागे पोलीस कर्मचारी उभा करा. चिठ्ठी हातात असलेल्या शेवटच्या माणसाचं मत होईपर्यंत मतदान चालू राहील, मग साडेसात वाजोत की आठ. हे त्या लोकांना मोठ्याने सांगा. उन्हातान्हात दोन तास उभ्या राहिलेल्या माणसाला आपण परत जाणार की काय, याची धास्ती असते.

क्लोज दाबायच्या आधी बिझीचा दिवा बघा. शेवटच्या मतदाराने मत द्यायला नकार दिला आणि बॅलट आधीच दाबलं गेलं असेल तर दिवा विझत नाही आणि क्लोज चालत नाही. तेव्हा कंट्रोल युनिट बंद, व्हीव्हीपॅटची केबल काढा, कंट्रोल युनिट पुन्हा चालू, आणि मग क्लोज. पडद्यावर आलेला एकूण आकडा आणि वेळ लगेच लिहून घ्या, प्रतिनिधींनाही लिहू द्या.

१७-ए च्या शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून शेवटचा अनुक्रमांक लिहा, तुमची व प्रतिनिधींची सही. त्यातून मत न देता गेलेले (४९ओ) आणि गुप्ततेचा भंग केल्यामुळे मत देऊ न दिलेले (४९एम) वजा केले की यंत्राची टोटल यायला हवी. आली नाही तर आकडा जुळवण्यासाठी रजिस्टरमध्ये काहीही भरू नका. जो आहे तो फरक जसाच्या तसा १७-सी मध्ये लिहा. फरक लिहिलेला चालतो, लपवलेला सापडतो तेव्हा सगळं केंद्र संशयात जातं. १७-सी ची प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला द्यायची आणि पोहोच घ्यायची. त्यांनी मागितली नाही तरी द्यायची.

यंत्र बंद करून केबली सोडवा, व्हीव्हीपॅटची कळ पुन्हा आडवी, व्हीव्हीपॅटची बॅटरी बाहेर. कंट्रोल युनिटची बॅटरी काढायची नाही. घाईत नेमकं उलटं होतं. मग तिन्ही पेट्यांना ऍड्रेस टॅग आणि लाख. १७-सी ची मूळ प्रत आणि दैनंदिनी दुसऱ्या कुठल्या पाकिटात लाखबंद करून टाकू नका, संकलन केंद्रावर ती आधी मागतात आणि तेव्हा फोडाफोडी करावी लागते.

---

चावडीवरचा

एक पुरवणी, कारण साहित्य वाटपाच्या रांगेत हे हमखास मिसळतं. महापालिका किंवा जिल्हा परिषदेच्या मतदानाचा अनुभव असलेले सहकारी सोबत असतील तर त्यांना आधीच सांगा की ती मतदानं राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे व्हीव्हीपॅट नसतं आणि बहुसदस्यीय प्रभागात एका माणसाची अनेक मतं असतात. तिथली सवय इथे लागू करू नये. या मतदानात एकच मत, एकच बीप, आणि चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते. नवख्या मतदाराला ही ७ सेकंदं टेबल २ वरच सांगितली, तर बीपआधी बाहेर येणारे बरेच कमी होतात.

---

खडूफळा

टेबल २ च्या मॅडमना हे आजच कळवते. ४९ओ आणि ४९एमच्या वजाबाकीसाठी १७-ए च्या मागच्या पानावर दोन रकाने आखून ठेवले तर चालेल का?

---

सतरा_ए

रजिस्टरवर नको, त्यात ठरलेल्या नोंदींखेरीज काही लिहू नये. कोऱ्या कागदावर आखा: वेळ, १७-ए चा अनुक्रमांक, टोटल, ४९ओ, ४९एम, चाचणी मतं, फरक. पहिली ओळ ७.०० वाजताची, सगळे शून्य.